दोन्ही डोळे उघडे ठेवून

नानांच्या चष्म्याच्या दुकानात एक रीत होती आणि तिच्यापायी त्यांनी आजवर निदान शंभर गिऱ्हाइकं तरी घालवली असतील. इतर दुकानांत नंबर काढून झाला की माणूस फ्रेम निवडायला लागतो. नाना मात्र तपासणीची ती जड, गोल, हास्यास्पद दिसणारी फ्रेम गिऱ्हाइकाच्या नाकावर तशीच ठेवायचे, तिच्यात दोन्ही डोळ्यांच्या काचा अडकवायचे आणि दाराकडे बोट करून म्हणायचे, "जा, कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालून या. पायऱ्या उतरा, पाटी वाचा, मग मला सांगा."

"अहो, पण तक्त्यावरची अक्षरं दिसली की मला सगळी!"

"एकेका डोळ्याने दिसली. रस्त्याने जाताना एक डोळा झाकून चालता का तुम्ही?"

मग ते गिऱ्हाईक चरफडत, चोरासारखं इकडेतिकडे बघत गल्लीतून चालत जायचं, आणि समोरच्या दुकानातल्या घड्याळवाल्यांची फुकटात करमणूक व्हायची. काही लोक फ्रेम काढून ठेवून तडक निघून जात. नाना त्यांना अडवत नसत. नानांच्या हातचा चष्मा घालून कुणाचं डोकं दुखलंय असं तीस वर्षांत झालं नव्हतं आणि याचा त्यांना जो अभिमान होता तो लपवायची त्यांना कधी गरज वाटली नव्हती.

याहून मोठा अभिमान त्यांना एकाच गोष्टीचा होता, तो म्हणजे मुंगीचा. मुंगी त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणी सारखी काही ना काही उचलून इकडून तिकडे न्यायची म्हणून हे नाव पडलं आणि तिशी आली तरी सुटलं नाही. आई लवकर गेली, त्यामुळे पोर दुकानातच वाढली. बिनकडांच्या चष्म्याच्या काचेला ड्रिलने बारीक भोकं पाडावी लागतात, अगदी कडेजवळ. हात केसभर हलला की काच तडकते. नाना स्वतः या कामात तसे बेताचेच, तीन काचांमागे एक तरी फोडायचे. मुंगीने एकोणिसाव्या वर्षी ड्रिल हातात घेतलं आणि वर्षभरात एकही काच फोडली नाही. नानांनी हे गल्लीत इतक्यांदा सांगितलं की घड्याळवाले त्यांना येताना पाहिलं की आधीच म्हणायचे, "हो हो, एकही नाही, ठाऊक आहे!"

तेविसाव्या वर्षी मुंगी पाच दिवस झोपली नाही. एक वाक्य संपायच्या आत दुसरं सुरू करायची, दुसऱ्याच्या पोटात तिसरं. तिने लहान मुलांच्या चारशे लाल फ्रेम मागवून ठेवल्या, कारण जगातल्या प्रत्येक पोराला लाल चष्मा मिळायला हवा असं तिच्या मनाने घेतलं होतं. त्यानंतर दोन महिने ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर. मन कधी इतकं वर चढतं की पाय जमिनीला लागत नाहीत, कधी इतकं खाली जातं की उठून दात घासणंही जमत नाही. गोळ्या सुरू झाल्या. बरं वाटलं की मुंगी त्या सोडायची, बिघडलं की परत धरायची. असेच एकदा खालचे दिवस चालू असताना कुणा मैत्रिणीने तिला नशेची पूड दिली, तात्पुरता आधार म्हणून. पुढे वरचे दिवस असोत की खालचे, पूड लागायलाच लागली.

आणि इथे नानांनी ती चूक केली जी केवळ एखादा चष्मेवालाच करू शकतो. उजवा डोळा तपासताना डावा झाकायचा, डावा तपासताना उजवा, ही त्यांच्या हाताची सवय. त्याच सवयीने त्यांनी ठरवून टाकलं, आधी व्यसन सोडवू, मनाचं मग बघू. गावाबाहेर टेकडीवर एक व्यसनमुक्ती केंद्र होतं. माणसं प्रेमळ, जागा स्वच्छ, शिस्त कडक. नियम एकच होता, गोळी म्हणजे गोळी; कुठलीच चालणार नाही. मनाच्या गोळ्यांची पाकिटं नानांनी फाटकावर स्वतःच्या हाताने काढून दिली.

तीन महिन्यांनी मुंगी परत आली ती पुडीला न शिवता. नानांना आभाळ ठेंगणं झालं. "सुटली!" ते घड्याळवाल्यांना म्हणाले. "कायमची सुटली!" एकाच दिवसात तीनदा म्हणाले.

चोविसाव्या दिवशी मुंगीने तयार करून ठेवलेल्या अकरा चष्म्यांच्या काचा काढून एकमेकांत बसवल्या. प्रत्येकाने दुसऱ्याच्या नजरेने जग बघायला हवं, असं ती टाळ्या वाजवत सांगत होती. नानांना कळेपर्यंत त्यातला एक चष्मा गिऱ्हाइकाकडे गेला होता. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी गल्ली मोठ्या बाई म्हणायची, त्या तो घालून जिन्यात पाय चुकून पडल्या आणि गुडघा फोडून घेऊन बसल्या. पंधरा दिवसांत मुंगी वरून खाली कोसळली आणि खाली पूड तिची वाटच बघत होती. गल्लीला सगळं कळलं. घड्याळवाले अवाक्षर बोलले नाहीत, आणि नानांना तेच जास्त लागलं.

म्हणून त्या दिवशी सरकारी रुग्णालयाच्या पहिल्या मजल्यावर नवीन डॉक्टरीणबाईंसमोर बसताना नानांच्या खिशात टेकडीवरच्या केंद्राचा अर्ज घडी करून ठेवलेला होता. या वेळी सहा महिने. सोमवारपर्यंत जागा राखून ठेवली होती, नानांची सहीच काय ती राहिली होती. मुंगी बाजूच्या खुर्चीवर बाह्या मनगटापर्यंत ओढून बसली होती.

"दोन्हींवर एकदमच उपचार करायचे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "एकाच ठिकाणी. तिचे दोन आजार एकमेकांना चिथावणी देतात. मन खाली गेलं की पूड हवी होते, पूड घेतली की मन आणखी बिघडतं."

"पण एका वेळी एकच बिघाड काढावा माणसाने," नाना म्हणाले. "नाहीतर कळणार कसं, कशाने काय झालं ते?"

"तपासतो आम्ही वेगवेगळं. पण एक तपासताना दुसऱ्याचं औषध बंद करत नाही." बाईंनी बोटांवर मोजलं नाही की कागदावर तक्ता काढला नाही, सावकाश, समोरच्याला कळेल असं सांगत राहिल्या. आधी दोन आठवडे इथेच दाखल व्हायचं, म्हणजे पूड बंद होताना अंगाची जी आग आग होते ती आटोक्यात ठेवता येते. मग पुडीची ओढ मारायला एक गोळी, जिभेखाली ठेवायची. मन स्थिर ठेवायला वेगळं औषध. त्यासाठी मधूनमधून रक्त तपासायचं, कारण औषधाचं प्रमाण कमी झालं तर उपयोग नाही आणि जास्त झालं तर अपाय. आठवड्यातून दोनदा समुपदेशकांशी बोलणं. घरी झोपेची वेळ ठरलेली. आणि घरच्या माणसानेही येऊन आजार समजून घ्यायचा.

"जिभेखालची गोळी म्हणजे एक नशा सोडवायला दुसरी नशा!" नाना उसळले.

"पूड तिला दिवसभर पूड शोधत फिरायला लावते. ही गोळी तिला कामावर बसू देते. मोजून देतो आम्ही. पुढे जमेल तशी कमी करू, नाही जमली तर चालू ठेवू. घाई करून जीव धोक्यात घालण्यापेक्षा ते बरं."

"आणि मनाची?"

"ती बहुधा कायमची."

 नानांनी खिशातून अर्ज काढला आणि टेबलावर ठेवला. तेवढ्यात मुंगी बोलली, आल्यापासून पहिल्यांदाच.

"नाना, मला टेकडीवर नाही जायचं. तिथे पूड सुटली माझी, खरंय. पण डोकं ठिकाणावर नाही राहिलं. मला दोन्ही हवंय."

 डॉक्टरीणबाईंनी अर्ज उचलला. तो लांब धरला, मग मान एका बाजूला कलती केली, मग दोन बोटांनी कपाळ दाबलं. नानांनी हे सगळं पाहिलं. मुलीचं आयुष्य त्या टेबलावर पडलेलं होतं, पण तीस वर्षांची खोड कुठे जाणार?

"हा चष्मा कुणी केला?" त्यांनी विचारलं.

"माझा? का हो?"

"वाचताना मान वाकडी होतेय तुमची. संध्याकाळी डोकं चढतं ना?"

"चढतं खरं," बाई म्हणाल्या. "पण तीनदा तपासून झालाय. उजवा झाकला की डावा स्वच्छ, डावा झाकला की उजवा स्वच्छ. सगळे म्हणतात नंबर बरोबर आहे."

"बरोबरच असणार!" नाना खुर्चीतून अर्धे उठले. "वेगवेगळे बरोबर! पण तुम्ही काय एक डोळा पर्समध्ये ठेवून फिरता? दोन्ही एकाच डोक्यात आहेत, बाई! एक दुसऱ्याला ओढतो, दुसरा पहिल्याला. कधीतरी दोन्ही उघडे ठेवून बघायला नको? एकालाच नीट केलं आणि दुसऱ्याकडे बघितलंच नाही, तर माणूस होता त्याहून जास्त—"

नाना थांबले.

 डॉक्टरीणबाईंनी अर्ज नुसता त्यांच्यापुढे सरकवला. शहाणी बाई होती. आणि मग मुंगी हसली. आधी नाकातल्या नाकात, मग तोंडावर हात ठेवून, मग पोट धरून. कित्येक महिन्यांत नानांनी ते हसू ऐकलं नव्हतं. हे वरच्या दिवसांतलं धावतं हसू नव्हतं, ती लहानपणी दुकानात हसायची तसं होतं.

नानांनी अर्ज परत घेतला, त्याची चौकोनी घडी घातली, आणखी एक घातली, आणि बाईंच्या कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"ती जिभेखालची गोळी," ते घसा खाकरून म्हणाले, "कधीपासून द्यायची?" आणि लगेच, कारण अगदीच पडती बाजू घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, "आणि तुम्ही दुकानात या. टपालपेटीपर्यंत चालायला लावणार आहे तुम्हाला."

पुढचं सगळं सुरळीत झालं असं सांगितलं तर ते थापा मारणं होईल. मनाच्या औषधाने झोप लागली, डोकं शांत झालं, पण सहाव्या आठवड्यात मुंगीचे हात थरथरायला लागले. थोडेच. दुसऱ्या कुणाच्या ते लक्षातही आलं नसतं. पण मुंगीने एक जुनी काच घेतली, ड्रिल टेकवलं आणि काच तडकली. ती गोळ्यांचं पाकीट मुठीत धरून नानांपुढे येऊन उभी राहिली.

"हातच गेले तर मी कोण उरले, नाना? फेकून देऊ हे?"

पूर्वीचे नाना ओरडले असते. नाहीतर घाबरून 'दे फेकून' म्हणाले असते. या नानांच्या तोंडून बाहेर पडला तो काचा बदलून दाखवताना दिवसाला पन्नासदा विचारायची सवय असलेला प्रश्न.

"आधीपेक्षा हे बरं की वाईट?"

"म्हणजे?"

"म्हणजे नीट सांग. बरं कुठे, वाईट कुठे?"

मुंगी स्टुलावर बसली आणि विचार करून सांगायला लागली. झोप बरी. सकाळ बरी. डोक्यातला गोंगाट जवळपास बंद. हात वाईट. तहान फार. नानांनी सगळं लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी दोघं तो कागद घेऊन रुग्णालयात हजर झाले. रक्त तपासलं तर औषधाचं प्रमाण थोडं जास्त भरलं. डोस कमी केला. थरथर कमी झाली, पण गेली नाही. महिन्याने बाईंनी औषधांची जोडी बदलून पाहिली. त्या जोडीने मुंगीला दिवसभर पेंग यायला लागली. तिसरी जोडी बसली. पहिल्याच काचेला कुणाचाच नंबर बरोबर येत नाही हे नाना जगाला सांगत आले होते. मुलीच्या बाबतीत मात्र त्यांना ते प्रत्येक वेळी नव्याने शिकावं लागलं, आणि त्यांनी ते शिकून घेतलं. घरच्या माणसांच्या बैठकीत सगळ्यात जास्त प्रश्न तेच विचारायचे. समुपदेशक त्यांना पाहिलं की घड्याळ काढून ठेवायचे.

पाचव्या महिन्यात मुंगी एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाली, "नाना, काल मी घेतली. एकदा."

नानांनीही आपला कप खाली ठेवला.

"बाईंना सांगायला हवं," मुंगी म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "आजच. येता का माझ्याबरोबर?" आणि ती उठून चपला घालायला लागलीसुद्धा.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. पाय घसरला म्हणजे रस्ता चुकला असं होत नाही, म्हणाल्या. कुठे घसरला ते शोधू. एकही औषध बंद केलं नाही, बैठका मात्र वाढवल्या. परतीच्या वाटेवर नाना मुलीकडे चोरून बघत होते. पोरीने आपण होऊन सांगितलं होतं. कुणी पकडलं नव्हतं, कुणी खोदून विचारलं नव्हतं. इतकी वाईट बातमी ऐकून बापाची छाती फुगते कशी, हे नानांना कळेना. पण फुगली होती हे खरं.

मुंगी पुन्हा काम करायला लागली. दुकानाच्या मागच्या भागात, पडद्याआड. बिनकडांचे चष्मे सगळे तीच करायची, आणि नाना ते बाहेर आणून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवायचे. 'तुमचा हात काय सुधारलाय, नाना!' असं कुणी म्हटलं की नाना नुसते हसायचे. गल्लीला एकदा ओरडून सांगितलं होतं, आता नाही सांगायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. मुंगी पडद्याआडून हे सगळं ऐकत असे. 

अकराव्या महिन्यात मोठ्या बाई आल्या. चष्म्याची एक काच टवका उडालेली, नवीन हवी होती, बिनकडांची. त्यांनी पडद्याकडे नजर टाकली आणि शाळेतल्या आवाजात म्हणाल्या, "नाना, हे तुम्ही स्वतः करायचं. तिच्या हातात द्यायचं नाही. माझा गुडघा अजून दुखतो."

नानांच्या जिभेवर उत्तर तयार होतं. 'हो हो, मीच करतो की.' हसून सांगायचं आणि आत नेऊन द्यायचं, पाच-सहा महिन्यांच्या सवयीने. त्यांनी तोंडही उघडलं.

पडदा सरकला. मुंगी बाहेर आली, अंगावर कामाचा एप्रन, केसांत काचेची पांढरी भुकटी.

"बाई, तुमचा गुडघा माझ्यामुळे फुटला," ती म्हणाली. "तेव्हा मी आजारी होते आणि माझ्यावर अर्धेच उपचार चालू होते. मला दोन आजार आहेत. एक मनाचा, एक व्यसनाचा. दोन्हींची औषधं चालू आहेत आणि चालूच राहणार आहेत. माझे हात कधीकधी थरथरतात. ज्या दिवशी थरथरतात त्या दिवशी मी ड्रिलला हात लावत नाही." तिने दोन्ही हात पुढे धरले, पंजे पसरून. "आज नाही थरथरत. करू का तुमचं काम?"

मोठ्या बाईंनी ते हात पाहिले. शाळेत त्यांनी हजारो हात असे पुढे धरायला लावले असतील, नखं तपासायला.  मग त्यांनी नानांकडे वळून विचारलं, "गेले काही महिने हे असले चष्मे कोण करतंय इथे?"

नानांचे कान तापले. "तीच," ते म्हणाले. "मी फक्त बाहेर आणून देत होतो. चुकलं माझं."

"चुकलंच," मोठ्या बाई म्हणाल्या, आणि चष्मा मुंगीच्या हातावर ठेवला. "कर. आणि मला बघू दे करताना."

मुंगीने पडदा बांधून टाकला. काच पकडीत बसवली, खूण केली, ड्रिल टेकवलं. नानांनी श्वास रोखून धरला होता, तो त्यांनी दुसरं भोक पार झाल्यावरच सोडला. काचेवर ओरखडादेखील नव्हता. मुंगीने दांड्या बसवल्या, चष्मा बाईंच्या कानांवर सरळ केला आणि दाराकडे बोट केलं.

"टपालपेटीपर्यंत. चला, मी येते सोबत. पायरी आहे."

दोघी गल्लीतून चालायला लागल्या. बाईंनी मुंगीचा हात धरला होता. आधार घ्यायला की आधार द्यायला, ते मागून कळत नव्हतं. नाना दारात उभे राहिले, मग त्यांना उभं राहवेना. ते रस्ता ओलांडून घड्याळवाल्यांकडे गेले.

"मागे मी तुम्हाला सांगितलं होतं," ते हळू आवाजात म्हणाले, "पोरगी सुटली म्हणून."

घड्याळवाल्यांनी डोळ्यातलं भिंग काढलं आणि नानांकडे पाहिलं. "सांगितलं होतं. तीनदा."

"ते खरं नव्हतं. ती सुटलेली नाही. दोन आजार आहेत तिला, दोन्हींवर उपचार घेते. रोज. मध्ये एकदा घसरली, तेही तिनेच सांगितलं. आणि ती मोठ्या बाईंची काच आत्ता तिने केली. सगळं सांगून, त्यांच्यादेखत."

"फोडली?"

"अहो, फोडतेय कशाला!"

"मग नाना, एवढं कुजबुजताय का?" घड्याळवाले म्हणाले. "पहिल्यांदा कसे ओरडला होतात!"

नाना वळले. त्यांनी छातीत हवा भरून घेतली आणि आवाज असा लावला की वरच्या मजल्यावरच्या दोन खिडक्या उघडल्या.

"माझ्या मुलीने केलीय ती काच! माझ्या मुलीने!"

टपालपेटीपाशी दोघींनी मागे वळून पाहिलं. मोठ्या बाईंनी चष्मा सावरला. मुंगीने कपाळावर हात मारून घेतला, आणि मग तोच हात वर करून धरला. एवढ्या लांबूनही नानांना स्वच्छ दिसत होतं, तो अगदी स्थिर होता.